मैत्रीवर हिवाळाभर बसून करतात काय, आणि सॅटेलाइट असताना माणूस कशाला?

बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय की अंटार्क्टिकातल्या मैत्री या आपल्या भारतीय स्टेशनवर लोक हिवाळाभर राहतात ते नेमकं करतात काय, आता सगळं सॅटेलाइटवरून दिसतं तर तिथे माणसं ठेवायची गरज काय, आणि त्याला स्वतःला जायचं असेल तर रस्ता कुठून. मी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडून, म्हणजे आयआयजीकडून, मैत्रीवर विंटरिंग केलंय, म्हणजे अख्खा हिवाळा तिथे काढलाय, त्यामुळे उत्तर मॅग्नेटोमीटरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राच्या बाजूने कलणार. बायोलॉजीवाला असता तर त्याने तळ्यांमधल्या शेवाळापासून सुरुवात केली असती, तेवढं चालवून घे.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक की तिथे रोज काहीतरी शोध लागतो. नाही लागत. विंटर टीमचं काम म्हणजे नोंदींची साखळी तुटू न देणं, बस. पेपर नंतर लिहिले जातात, बऱ्याचदा दुसरंच कोणीतरी लिहितं, कधी दहा वर्षांनी, आणि तुझं नाव शेवटी आभारात "विंटर टीम" असं एकत्र येतं. हे ज्याला पटत नाही त्याने समरला जावं, दोन-तीन महिने फिल्डवर दगड, बर्फ, पाण्याचे सॅम्पल गोळा करून परत यावं, तेही काम भारीच आहे पण ते वेगळं.

जागा कशी आहे ते सांगतो. शिर्माकर ओअ‍ॅसिस म्हणून उघड्या खडकाचा एक पट्टा आहे, साधारण ३५ चौरस किलोमीटर, त्यात शंभरच्या वर लहानमोठी तळी, दक्षिणेला बर्फाचं पठार चढत जातं आणि उत्तरेला आइस शेल्फ, म्हणजे समुद्रावर तरंगणारा जाड बर्फ. आपलं पहिलं स्टेशन दक्षिण गंगोत्री त्या शेल्फवर होतं, १९८३-८४ मध्ये बांधलेलं, पण वर बर्फ साचत साचत ते गाडलंच गेलं आणि १९९० मध्ये बंद करावं लागलं. म्हणून मैत्री खडकावर, १९८९ पासून, आणि तेही खांबांवर उचललेलं म्हणजे वाऱ्याबरोबर उडणारा बर्फ खालून निघून जातो, भिंतीला टेकून ढीग होत नाही. समुद्राच्या कडेपासून शंभरेक किलोमीटर आत. चार-पाच किलोमीटरवर रशियन लोकांचं नोवोलाझारेव्स्काया, त्याला सगळे नोवोच म्हणतात. भारती हे आपलं दुसरं स्टेशन, २०१२ चं, १३४ कंटेनर जोडून केलेलं, दिसायला एकदम भारी, पण ते मैत्रीपासून ३००० किलोमीटरच्या आसपास लांब आहे त्यामुळे "जरा भारतीवर जाऊन आलो" असलं काही नसतं. दोन्ही स्टेशनांचा कारभार गोव्यातून चालतो, वास्कोला हेडलँड सडावर एनसीपीओआर, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे तिथून. पहिली मोहीम पण गोव्यातूनच निघाली होती, डिसेंबर १९८१, डॉ. कासिम लीडर होते.

आता सॅटेलाइटचा मुद्दा, कारण तो सगळेच विचारतात, अगदी आमचे नातेवाईक पण. सॅटेलाइट सारखा पळत असतो. त्याच्या आकड्यात फरक पडला तर तो वेळ बदलली म्हणून पडला की जागा बदलली म्हणून, हे एकट्या सॅटेलाइटवरून सोडवणं अवघड जातं. जमिनीवरचं यंत्र जागचं हलत नाही, हाच त्याचा मोठा गुण. दुसरं म्हणजे सॅटेलाइटची काही वर्षांची आयुष्यं असतात, एक जातो दुसरा येतो, दोघांचे आकडे जुळवायला खाली कोणीतरी कायमचं बसलेलं लागतं. ओझोनच्या भोकाची गोष्ट ऐकली असशील. ब्रिटिशांच्या हॅली स्टेशनवर १९५० च्या दशकापासून लोक डॉबसन यंत्राने ओझोन मोजत बसले होते, वर्षानुवर्षं तेच काम, कोणाला त्यात काही थ्रिल वाटत नसणार. मग फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये दाखवलं की तिथल्या वसंतात, म्हणजे आपल्या ऑक्टोबरमध्ये, ओझोन भयंकर कमी होतोय. नासाच्या सॅटेलाइटच्या डेटात पण ते कमी आकडे होते बरं का, पण इतका कमी ओझोन असूच शकत नाही असं धरून ते संशयास्पद म्हणून मार्क झालेले होते. जुनी सलग नोंद हाताशी असल्यामुळे हॅलीवाल्यांना ठामपणे सांगता आलं.

आणि लांब कशाला, आपल्या मुंबईचंच बघ. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेत होते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेलं ते जबरदस्त वादळ, ज्याला कॅरिंग्टन इव्हेंट म्हणतात, ते कुलाब्याच्या वहीत आलं, चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण (नॅनोटेस्ला म्हणजे हे क्षेत्र मोजायचं एकक). निरीक्षक डोळ्याने काटा वाचून आकडे लिहीत होता, सूर्यावर काय झालंय याची त्याला काहीही कल्पना असणं शक्य नव्हतं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच आकड्यांवरून आयआयजीतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर काढला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडणार हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ मध्ये अलिबागला नवीन वेधशाळा उभी राहिली, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे लगेच कुलाबा बंद नाही केलं, दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा बरोबर बसला. मैत्रीवर आम्ही जे करतो ते त्याच घराण्यातलं काम आहे. आमच्याकडे ट्राम नाही पण पिस्टनबुली आहे, ती चेनवाली बर्फगाडी रे. ती आमच्या यंत्रांच्या हटजवळून, म्हणजे छोट्या खोलीजवळून गेली की ग्राफवर उंचवटा येतो, मग व्हेइकलवाल्याशी गोड बोलून ठेवायचं की बाबा या बाजूला आणू नको आणि आणलीस तर वेळ सांग, लॉगमध्ये लिहितो.

रोजचं काम सांगतो, म्हणजे "बसून करतात काय" याचं खरं उत्तर. मेन बिल्डिंगपासून लांब आमचे हट आहेत, जिथे लोखंडाचा खिळासुद्धा चालत नाही. त्यात एक फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर असतो, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल सतत लिहीत राहतो. पण तो फक्त बदल सांगतो, मूळ पातळी सांगत नाही, शिवाय तापमान बदललं किंवा खालचा पाया केसभर कलला की त्याची रेघ सरकते आणि ती पृथ्वी बदलली म्हणून सरकली की पाया कलला म्हणून, हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून ठराविक दिवसांनी माणसाने जाऊन हाताने रीडिंग घ्यायचं, त्याला आम्ही अ‍ॅब्सोल्यूट म्हणतो. हे काम अजून कुठल्याही सॅटेलाइटने किंवा रोबोने माझ्याकडून काढून घेतलेलं नाही.

जायच्या आधी खिसे रिकामे. मोबाइल, किल्ल्या, घड्याळ, बेल्ट, चष्म्याची फ्रेम स्टीलची असेल तर तीही. आता गंमत बघ, स्टेशनचा नियम असा की बाहेर पडताना वॉकीटॉकी पाहिजेच आणि एकट्याने जायचं नाही, आणि वॉकीटॉकीच्या स्पीकरमध्ये चुंबक. मग सोबत आलेला माणूस दोन्ही वॉकीटॉकी घेऊन लांब उभा राहतो आणि थंडीत कुडकुडत मला शिव्या घालतो. आत थिओडोलाइट, तोही नॉन-मॅग्नेटिक, त्याच्या दुर्बिणीवर बोटाएवढा सेन्सर. आधी खिडकीतून लांबच्या खडकावरची खूण दुर्बिणीत धरायची कारण त्या खुणेची खरी दिशा माहीत असते. मग दुर्बीण अगदी हळू फिरवत मीटरवर शून्य कुठे येतं ते शोधायचं. शून्य म्हणजे सेन्सर क्षेत्राला बरोबर काटकोनात आला. सेन्सर आणि दुर्बीण कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात, म्हणून दुर्बीण उलटी करून, बाजू पालटून दिशेचं रीडिंग चार वेळा, मग कलाचं, म्हणजे क्षेत्र आडव्या पातळीपासून किती झुकलंय त्याचं, चार वेळा, आणि एकूण ताकद प्रोटॉन मॅग्नेटोमीटरवरून. जाड ग्लोव्हज घालून स्क्रू फिरत नाही, काढले तर दोन मिनिटांत बोटं लाकूड, मग पातळ इनर ग्लोव्हजवर भागवायचं. आयपीसवर श्वास पडला की तिथेच बर्फ धरतो आणि आकडे दिसेनासे होतात, म्हणून रीडिंग वाचताना श्वास रोखायची सवय लागते, मी घरी आल्यावर सुईत दोरा ओवताना पण श्वास रोखायचो. आणि हे सगळं शांत दिवशीच जमतं, सूर्याकडून वादळ आलेलं असेल तर तू शून्य पकडेपर्यंत क्षेत्रच सरकलेलं असतं. सगळी खटपट कशासाठी, तर हजारो नॅनोटेस्लांमधल्या एक-दोन नॅनोटेस्लांसाठी.

अरोराबद्दल, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत उजेडाबद्दल विचारणार हे माहितीये. मैत्रीवरून दिसतो, पण रोज आकाशात हिरवे पडदे हलतायत असं नाही. अरोराचा जो पट्टा असतो तो शांत दिवसांत मैत्रीपेक्षा ध्रुवाच्या बाजूला असतो आणि वादळ आलं की फुगून मैत्रीच्या डोक्यावर येतो. भारती चुंबकीय हिशोबाने अजून आत आहे, म्हणून दोन स्टेशनांचे आकडे एकत्र ठेवले की तो पट्टा कधी कुठे सरकला ते कळतं, एकाच स्टेशनवरून नाही कळत. हिरवा रंग ऑक्सिजनचा, शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा, त्याच्याही वरचा लाल पण ऑक्सिजनचाच. मे २०२४ च्या वादळात लडाखला हानलेहून जो लाल उजेड दिसला तो हाच वरचा लाल. आणि फोटोत दिसतो तेवढा भडक डोळ्याला बहुतेक वेळा दिसत नाही, फिकट ढगासारखं काहीतरी वाटतं आणि मग ते हलतं तेव्हा कळतं.

अजून एक प्रयोग आहे जो मला मॅग्नेटोमीटरपेक्षाही आवडतो पण फार लोकांना माहीत नाही. जगभर कुठे ना कुठे विजांचे ढग चालूच असतात आणि ते सगळे मिळून जमीन आणि वरचं आकाश यांच्यात विजेचा दाब टिकवून ठेवतात. त्यामुळे स्वच्छ हवेत, निरभ्र दिवशी, कुठेही उभं राहून हवेतलं विद्युत क्षेत्र मोजलं की ते यूटी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे १९ वाजण्याच्या आसपास सगळ्यात जास्त भरतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. हे कार्नेगी नावाच्या जहाजावरच्या मोजणीतून शंभरेक वर्षांपूर्वी समजलं. मुंबईत मोजायला गेलास तर धूळ-धुराने सगळा घोळ, पण मैत्रीवर हवा इतकी स्वच्छ की आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या विजांची एकत्रित नाडी तिथल्या एका अँटेनावर बसून बघता येते. फक्त वारा पडलेला पाहिजे, कारण उडणारा बर्फ एकमेकांवर घासून स्वतःच चार्ज होतो आणि ब्लिझर्डमध्ये, म्हणजे बर्फाच्या वादळात, ग्राफ वेडावाकडा नाचतो, ते दिवस सरळ वगळायचे. आयएमडीवाले, म्हणजे भारतीय हवामान विभागाचे लोक, हवामान आणि ओझोन बघतात, फुगे सोडतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांच्या फुग्यांना जास्त भाव, कारण तेव्हाच वर ओझोन खाल्ला जात असतो. वाऱ्यात फुगा सोडताना तिघं-चौघं धरायला लागतात आणि तरी खडकावर घासून फुटतो कधीकधी, मग पहिल्यापासून.

थंडीचं लोक फार विचारतात, पण खरं सांगू का, थंडी त्रास देत नाही, वारा देतो. उणे पंचवीसला वारा नसेल तर माणूस निवांत फिरतो. पठारावरची थंड जड हवा उताराने खाली घसरत येते, दक्षिण-पूर्वेकडून, आणि ब्लिझर्ड आला की ताशी शंभर किलोमीटरच्या वर, समोरचा हात दिसत नाही. तेव्हा बाहेर जाणं बंद, अगदीच गरज असेल तर लीडरची परवानगी घेऊन, बांधलेला दोर धरून. आणि काळोखाचं पण थोडं वाढवून सांगितलं जातं. मैत्रीला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवत नाही हे खरं, पण २१ जूनला सुद्धा दुपारी सूर्य क्षितिजाच्या चारेक अंशच खाली असतो, त्यामुळे दोन-चार तास संधिप्रकाश मिळतो. मिट्ट काळोख म्हणजे काय ते अजून आत असलेल्या स्टेशनवाल्यांना विचार.

आता जे कुठल्याच पेपरात येत नाही ते. स्टेशन चालतं जनरेटरवर, आणि जनरेटर चालतो विमानाच्या इंधनावर, कारण साधं डिझेल त्या थंडीत मेणासारखं होतं. पाणी प्रियदर्शिनी तळ्यातून, वर जाड बर्फ असला तरी खाली पाणी राहतं, तिथून पंपाने गरम ठेवलेल्या पाइपातून येतं. वीज गेली की आधी पाइप गोठणार, मग हीटिंग जाणार, मग बाकी सगळं. जनरेटर म्हणजे घरातलं तान्हं पोर, रात्री आवाज बदलला की झोपलेला मेकॅनिक उठून बसतो, मी बघितलंय. माझा वर्षाचा डेटा सलग आला तो त्या माणसामुळे. त्यामुळे टीममध्ये कोण मोठं असं विचारलंस तर माझ्या हिशोबाने जनरेटर मेकॅनिक आणि कुक, शास्त्रज्ञ नंतर.

आगीची भीती सगळ्यात जास्त. हवा कमालीची कोरडी, दरवाज्याच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी, आणि विझवायला पाणी पटकन मिळत नाही. रशियनांच्या मीर्नी स्टेशनवर १९६० मध्ये आगीत आठ लोक गेले, ब्राझीलच्या स्टेशनवर २०१२ मध्ये दोघं. त्यामुळे फायर ड्रिल कंटाळवाणं वाटलं तरी कोणी टाळत नाही. डॉक्टरचं पण तसंच. शेजारच्या नोवोवर एप्रिल १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या डॉक्टरचं अपेंडिक्स बिघडलं, स्टेशनवर तो एकटाच डॉक्टर, मग त्याने लोकल अ‍ॅनस्थेशिया देऊन स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं, एकजण आरसा धरून, एकजण हत्यारं देत, पावणेदोन तास. आणि दोनेक आठवड्यांत कामाला लागला. ही गोष्ट तिथे प्रत्येक नवीन माणसाला ऐकवली जाते, साधारण जेवताना.

माणसांबद्दल थोडं. पंचवीसच्या आत-बाहेर लोक, आर्मीचे, नेव्हीचे, मेकॅनिक, डॉक्टर, कुक, शास्त्रज्ञ, अर्धा भारत एका टेबलावर. गॅली ड्युटी सगळ्यांना, लीडरला पण, म्हणजे त्या दिवशी भांडी, लादी, कुकच्या हाताखाली कांदा. कांदा ताजा असतो तोवर, नंतर फ्रोझन आणि डब्यातलं. पहिले तीन महिने नवेपणात जातात, जून २१ ला मिडविंटरची पार्टी असते, सगळी स्टेशनं एकमेकांना ग्रीटिंग पाठवतात, जाम मजा. खरा वाईट काळ त्याच्या नंतर, जुलै ते सप्टेंबर. अर्धं झालं हे कळलेलं असतं आणि अर्धं अजून बाकी हेही. ध्रुवीय स्टेशनांवर मुक्कामाच्या तिसऱ्या चतुर्थांशाचा हा प्रकार नेहमीच बोलला जातो. भांडणं मोठ्या गोष्टीवर होत नाहीत, कोणीतरी चमचा पातेल्यात ठेवला, कोणीतरी तेच गाणं परत लावलं, यावर होतात. माझा अनुभव असा की ज्यांच्याकडे दिवसाच्या ठराविक वेळेला ठराविक काम असतं ते टिकतात, "निवांत वाचन करीन" म्हणून पुस्तकं भरून आणलेले आधी ढासळतात. गणपती आम्ही बसवला होता, कागदाच्या लगद्याचा, टीममधल्या एका तेलुगू पोराने सोंड इतकी सुंदर केली होती की काय सांगू. विसर्जन बादलीत, कारण तळ्यात काहीही टाकायचं नाही. माद्रिद प्रोटोकॉल म्हणून अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याप्रमाणे कचरा सगळा बांधून जहाजाने परत जातो, तसा तो लगदा पण गेला. आणि हो, हिवाळाभर कोणाला सर्दी होत नाही, कारण नवीन जंतूच येत नाहीत, मग नोव्हेंबरात केपटाऊनचं पहिलं विमान नोवोच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं, नवीन लोक मिठ्या मारतात आणि आठवड्यात अख्खं स्टेशन शिंकतंय.

जायचं कसं. शास्त्रज्ञ म्हणून थेट अर्ज करून कोणी जात नाही, आयआयजी, आयएमडी, जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) अशा संस्था किंवा युनिव्हर्सिट्या आपला प्रकल्प एनसीपीओआरला देतात आणि मंजूर झाला की त्या आपली माणसं पाठवतात. म्हणजे तुझ्यासाठी एमएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स, मग अशा संस्थेत पीएचडी किंवा टेक्निकल पोस्ट. दुसरा रस्ता कमी लोकांना माहीत आहे, एनसीपीओआर मोहिमेसाठी कॉन्ट्रॅक्टवर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, कुक, डॉक्टर वगैरेंच्या जाहिराती काढतं, आयटीआयवाल्या पोरांनी त्यावर नक्की लक्ष ठेवावं. निवड झाली की दिल्लीला एम्समध्ये मेडिकल, विंटरिंगवाल्यांची मानसिक तपासणी पण, आणि मग औलीला आयटीबीपीकडे बर्फातलं ट्रेनिंग. बायका जात नाहीत असा कोणाचा समज असेल तर नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता १९८३ च्या मोहिमेतच गेल्या होत्या, आणि इस्रोच्या मंगला मणी यांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी भारतीवर चारशेच्या वर दिवस काढले.

तू आत्ताच काही करू शकतोस असं विचारशील तर अलिबागची वेधशाळा विज्ञान दिनाच्या आसपास बघायला मिळते का ते चौकशी करून जाऊन ये, तिथला थिओडोलाइट आणि मैत्रीवरचा यांत फार फरक नाही. सोल्डरिंग नीट शिक, केबलचा कनेक्टर स्वतः लावता आला पाहिजे, कारण तिथे केबल तुटली तर दुकान केपटाऊनला. आणि मेडिकलच्या आधी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन अक्कलदाढा दाखवून घे, ऑगस्टमध्ये दाढ दुखली तर स्टेशनचा डॉक्टर काढेल, पण तो सर्जन असतो, डेंटिस्ट नसतो.